क्रेफिशच्या रक्तातली सोळा मण्यांची माळ

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेटवर्क जातं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना माझा आवाज दीडपट स्पीडवर ऐकूनही कंटाळा येतो त्यांच्यासाठी. बोलताना मध्ये आलेली कुकरची शिट्टी काढलीय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

०:४० व्हॉइस मेसेज

या भागाची सुरुवात एका व्हॉइस मेसेजने झाली. पाठवणाऱ्याला विचारून इथे देतोय, नाव मात्र देत नाही.

"दादा नमस्कार. मी अलिबागच्या बाजूला राहतो. माझ्या मामाचे खाडीलगत कोळंबीचे दोन तलाव आहेत. गेल्या वर्षी व्हाइट स्पॉट आला आणि आठवडाभरात सगळा माल गेला. आता एक माणूस पावडरचे डबे घेऊन येतोय. म्हणतो यात अँटिमायक्रोबियल पेप्टाइड आहे, चीनमध्ये क्रेफिशवर सिद्ध झालंय, खाद्यात मिसळा, व्हाइट स्पॉट होणारच नाही. डबा महाग आहे. मामा घ्यायच्या तयारीत आहे. हे खरं आहे का?"

मी कॉम्प्युटरचा बीटेक. बायोलॉजीशी संबंध बारावीआधीच संपलेला. त्यामुळे पहिलं उत्तर दिलं, "दोन आठवडे दे, वाचतो." आणि वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मी आधीच एक चूक करून ठेवलीय. लसींवरच्या भागात मी म्हणालो होतो की कणा नसलेल्या प्राण्यांची प्रतिकारशक्ती "अगदीच बेसिक, जवळजवळ नाहीच." ते चुकीचं होतं. किती चुकीचं, ते आता सांगतो.

०२:१० क्रेफिश म्हणजे कोण

क्रेफिश हा गोड्या पाण्यातला प्राणी. दिसायला आपल्या शेवंडीचा छोटा भाऊ, पण पुढे खेकड्यासारखे दोन दणकट नांगे. भारतात मूळचा क्रेफिश नाही, त्यामुळे मराठीत त्याला नाव नाही, आणि मी ओढूनताणून एखादं बनवणारही नाही. क्रेफिशच म्हणू.

सगळ्यात जास्त पाळला जातो तो लाल क्रेफिश, मूळचा अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीतला. १९२७ साली तो जपानमध्ये नेला गेला, कशासाठी, तर बेडकांना खाद्य म्हणून. तिथून १९२९ च्या सुमारास चीनमध्ये नानजिंगला पोचला. आणि आज चीनमध्ये वर्षाला २० लाख टनांहून जास्त क्रेफिश पिकतो. बेडकाचं खाद्य म्हणून निघालेला प्राणी! उन्हाळ्याच्या रात्री तिखट मसाल्यातल्या क्रेफिशची परात मधे ठेवून हातात प्लास्टिकचे मोजे घालून बसणं, हा तिकडच्या तरुण पोरांचा कार्यक्रम असतो.

यातला मोठा भाग हूबे प्रांतात आणि यांगत्से नदीच्या खोऱ्यात भातशेतीत वाढतो. भाताच्या खाचराच्या कडेने रुंद चर खणतात, पाणी भरतात. भात कापला की खाचरात क्रेफिश, क्रेफिश काढला की पुन्हा भात. शेतकऱ्याला एकाच जमिनीत दोन उत्पन्नं. फवारणीही जपून करावी लागते, कारण कीटकनाशक किड्यांना मारतं तसं क्रेफिशलाही मारतं. शेवटी नातेवाईकच ते.

आता गोम अशी की या शेतकऱ्यांच्या डोक्यावर दरवर्षी एक टांगती तलवार असते. तिकडे तिला सरळ "मे महिन्याची साथ" म्हणतात. एप्रिल-मेमध्ये पाणी तापायला लागतं, क्रेफिश सुस्त होतो, काठाशी येऊन बसतो, खाणं सोडतो आणि मरतो. नेमकं तेव्हा, जेव्हा माल बाजारात जायचा असतो. यामागे अनेक कारणं एकत्र येतात: दाटी, खराब पाणी, एरोमोनाससारखे बॅक्टेरिया. पण मुख्य आरोपी तोच, जो अलिबागच्या मामाच्या तलावात आला होता. व्हाइट स्पॉटचा व्हायरस.

हा व्हायरस १९९२-९३ च्या सुमारास पूर्व आशियातल्या कोळंबीत दिसला, पुढच्या दोनेक वर्षांत भारताच्या किनाऱ्यावर पोचला, आणि २००७ मध्ये लुइझियानाच्या क्रेफिशमध्येही सापडला. कोळंबी, खेकडा, शेवंड, क्रेफिश, दहा पायांचं जे जे म्हणून आहे ते ते याला चालतं. कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके येतात म्हणून ते नाव. क्रेफिशमध्ये ठिपके बहुधा दिसतच नाहीत, त्यामुळे नाव व्हाइट स्पॉट आणि स्पॉटच गायब.

०५:०० अँटीबॉडी नाहीत, मग काय आहे?

आपल्या शरीरात दोन पातळ्यांवर काम चालतं. एक शिकणारी प्रतिकारशक्ती: नवा जंतू आला की त्याच्या मापाची अँटीबॉडी घडवायची आणि ती आठवण जपून ठेवायची. लस याच आठवणीवर चालते. पण पहिल्यांदा हे घडायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर किल्ला लढवते ती दुसरी, उपजत प्रतिकारशक्ती. जन्मापासून अंगात असलेली, न शिकलेली, पण तत्काळ.

क्रेफिशकडे फक्त ही दुसरी आहे. अँटीबॉडी नाही, टी-सेल नाही. मी याचाच अर्थ "जवळजवळ नाहीच" असा लावला होता. पण जरा विचार करा. हा प्राणी आयुष्यभर चिखलात राहतो. दर काही आठवड्यांनी कात टाकतो, म्हणजे अख्खं कवच काढून मऊ अंगाने त्याच चिखलात बसतो. एकमेकांचे नांगे तोडतो. जखम झाली की आत यायला बॅक्टेरिया टपलेलेच. आणि त्याची रक्ताभिसरण व्यवस्था उघडी असते: रक्त नळ्यांतून बाहेर पडतं आणि अवयवांच्या मधल्या पोकळीत खेळतं. म्हणजे एक भोक पडलं तर बॅक्टेरिया थेट हॉलमध्ये. तरीही क्रेफिशचे पूर्वज कोट्यवधी वर्षं टिकलेत. "बेसिक" सिस्टीमवर हे होत नसतं.

तर आत काय काय असतं? पहिलं, रक्त गोठवणारी व्यवस्था, भोक बुजवायला. दुसरं, रक्तपेशी. यांना हिमोसाइट म्हणतात. त्या जंतूंना गिळतात, मोठा शत्रू असेल तर घोळक्याने त्याच्याभोवती वेढा घालतात. तिसरं, मेलॅनिन. हो, आपल्या त्वचेत असतं तेच काळं द्रव्य. बुरशीच्या किंवा बॅक्टेरियाच्या भिंतीचा तुकडा ओळखला गेला की एन्झाइमांची एक साखळी पेटते, एकाने दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटी शत्रूभोवती काळा थर चढतो. तो थर बनताना जी रसायनं तयार होतात ती विषारी असतात, शत्रूला आणि स्वतःलाही. म्हणून या साखळीला भरपूर ब्रेक लावलेले असतात.

या साखळीचा अभ्यास कुठे झाला माहितीये? चीनमध्ये नाही, स्वीडनमध्ये. तिथल्या उप्साला विद्यापीठात केनेथ सोडरहॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं क्रेफिशच्या रक्तावर काम केलं. स्वीडनला याची गरज का पडली त्यालाही कारण आहे. ऑगस्टमध्ये कागदी टोप्या घालून, गाणी म्हणत क्रेफिश खाणं हा तिथला सणच. पण १९०७ मध्ये तिथे क्रेफिश प्लेग नावाचा रोग पोचला. बुरशीसारखा दिसणारा एक जीव, आणि त्याने स्थानिक क्रेफिश तळ्यांमागून तळी साफ केला. मग १९६० च्या आसपास त्यांनी अमेरिकेतून सिग्नल क्रेफिश आणला, कारण तो या प्लेगने मरत नव्हता. अमेरिकन क्रेफिशच्या कवचात तो जीव शिरतो, पण भोवती लगेच मेलॅनिनचा काळा थर चढतो आणि तो तिथेच कैद होतो. मेलेला नसतो, कोंडलेला असतो. आणि म्हणूनच हा पाहुणा रोग घेऊन फिरत राहिला आणि उरलेले स्थानिक क्रेफिशही मारत गेला. ही वेगळीच शोकांतिका आहे, तिच्यावर कधीतरी बोलू.

आता चौथं. ज्याच्यासाठी हा भाग आहे. पेप्टाइड.

०८:३० सोळा मणी

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, शेकडो मण्यांची. पेप्टाइड म्हणजे छोटी माळ, दहा-वीस-पन्नास मणी. अँटिमायक्रोबियल पेप्टाइड म्हणजे अशी छोटी माळ जी जंतू मारते.

कशी मारते हे मला फार आवडलं, कारण ते कुलूप-किल्लीचं प्रकरण नाही. साधं विजेचं आहे. बॅक्टेरियाच्या पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण भार असतो. आपल्या, किंवा क्रेफिशच्या, पेशीची बाहेरची बाजू मात्र जवळपास भाररहित असते. यातल्या बहुतेक पेप्टाइडांवर धन भार असतो. म्हणजे रक्तात सोडली की ती आपोआप बॅक्टेरियाकडे ओढली जातात, यजमानाच्या पेशीकडे फारशी नाही. आणि त्यांची रचना अशी की एक बाजू पाण्याला धरणारी, दुसरी चरबीला धरणारी. साबणाचं असंच असतं ना? एक टोक पाण्याकडे, एक तेलाकडे, म्हणून तर तो ताटाचा तेलकटपणा काढतो. पडदा चरबीचाच बनलेला. पेप्टाइड त्यात घुसतं, भोकं पाडतं किंवा पडद्याचे तुकडे पाडतं, आतला माल बाहेर गळतो आणि पेशी मरते. काही मिनिटांत. काही पेप्टाइडं वेगळी वागतात: न फोडता आत शिरतात आणि प्रथिनं बनवणारं यंत्रच अडवतात. पण भाराची ओढ हा बहुतेकांचा पाया.

ही कल्पना क्रेफिशमधून आलेली नाही. स्टॉकहोमला हान्स बोमन यांनी १९८१ मध्ये एका मोठ्या पतंगाच्या कोशातून सेक्रोपिन नावाची पेप्टाइडं शोधली. १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रिया करून अस्वच्छ टाकीत सोडलेल्या आफ्रिकन बेडकांच्या जखमा चिघळत नाहीयेत. त्यांनी बेडकाच्या त्वचेतून मॅगेनिन काढलं. झॅस्लॉफ हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

क्रेफिशचा माझा आवडता किस्सा २००३ चा. उप्सालाच्या गटाला सिग्नल क्रेफिशच्या रक्तात १६ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड सापडलं. नाव ठेवलं अ‍ॅस्टॅसिडिन १. दोन्ही मोठ्या गटांतल्या बॅक्टेरियांची वाढ ते रोखत होतं. आता प्रश्न, हे बनतं कुठून? त्याचा जीन शोधायला गेले तर स्वतंत्र जीन मिळालाच नाही. ती १६ मण्यांची माळ एका प्रचंड मोठ्या प्रथिनाची शेपटी निघाली. आणि ते प्रथिन म्हणजे हिमोसायनिन.

हिमोसायनिन म्हणजे क्रेफिशचं हिमोग्लोबिन. आपल्याकडे लोह, त्यांच्याकडे तांबं, म्हणून ऑक्सिजन भरलेलं त्यांचं रक्त निळसर दिसतं. रक्तात सगळ्यात जास्त असतं ते हेच प्रथिन. दिवसरात्र ऑक्सिजन वाहायचं काम. आणि जंतूची चाहूल लागली, आजूबाजूला आम्लता वाढली, की एक एन्झाइम या हमालाची शेपटी कापतं आणि ती शेपटी हत्यार होते. संशोधकांनी बॅक्टेरियाच्या भिंतीचा अर्क किंवा बुरशीच्या भिंतीतलं ग्लुकन टोचलं तेव्हा ही काटछाट वाढली.

मी त्या सोळा मण्यांचा क्रम बघितला. त्यात तीन हिस्टिडिन आहेत, त्यातली दोन अगदी टोकाला. हिस्टिडिनचा गुण असा की आम्लता वाढली की त्यावर धन भार येतो. म्हणजे ज्या आम्लतेत ही शेपटी कापली जाते, त्याच आम्लतेत तिच्यावरचा धन भार वाढतो. हे जोडून बघणं माझं स्वतःचं आहे, त्या पेपरवर ढकलू नका. पण वाचताना मी चहा खाली ठेवला एवढं खरं.

बाकी दोन मोठी घराणी पटकन सांगतो. एक क्रस्टिन. यांच्यात एक घडी असते जी आधी दुधाच्या निवळीतल्या एका प्रथिनात सापडली होती. आठ सिस्टीन एकमेकांना चार टाक्यांनी शिवल्यासारखे. या टाक्यांमुळे माळ सहज उलगडत नाही. क्रेफिशमध्ये क्रस्टिनचे बरेच प्रकार आहेत. दुसरं घराणं एएलएफ. हे पहिल्यांदा हॉर्सशू क्रॅबमध्ये सापडलं, १९८० च्या दशकात. बॅक्टेरियाच्या बाहेरच्या कवचात एलपीएस नावाचं द्रव्य असतं, त्याला हे घट्ट पकडतं.

आणि ही पेप्टाइडं फक्त हल्ला झाल्यावर बनतात असंही नाही. बराच साठा रक्तपेशींच्या आत दाण्यांमध्ये भरून तयार असतो. इशारा मिळाला की पेशी दाणे बाहेर ओतते. दुसऱ्या बाजूला जीन चालू होऊन नवा माल बनायला लागतो. त्या इशाऱ्याच्या मार्गाला टोल म्हणतात, आणि किड्यांमध्ये तो मार्ग बुरशीविरुद्धची पेप्टाइडं चालू करतो हे १९९६ मध्ये दाखवणाऱ्या गटाचे प्रमुख ज्यूल्स हॉफमन यांना २०११ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या शरीरातही टोलचे भाऊबंद आहेत. म्हणजे मी ज्याला "बेसिक" म्हणालो, त्याच कोडवर माझंही शरीर चालतंय.

१२:४५ मग व्हायरसचं काय?

आता मामाच्या प्रश्नाकडे. व्हाइट स्पॉट हा बॅक्टेरिया नाही, व्हायरस आहे. पडदा फोडणाऱ्या पेप्टाइडाचा इथे काय उपयोग?

इथे २००६ चा एक प्रयोग आहे, पुन्हा उप्सालाचाच, आणि मला वाटतं डबेवाल्याच्या जाहिरातीतलं "सिद्ध झालंय" कुठूनतरी असल्याच कामापर्यंत जात असणार. त्यांनी क्रेफिशला व्हाइट स्पॉटची लागण केली आणि कोणते जीन जोरात चालू होतात ते बघितलं. त्यात एएलएफ निघाला. मग एएलएफचा आवाज बंद केला, म्हणजे त्या जीनचा निरोप मधेच नष्ट केला. व्हायरस जास्त वाढला. जिवंत क्रेफिशमध्येही आणि प्लेटमधल्या पेशींमध्येही. मग उलटं केलं. अतिनील किरणांनी निकामी केलेला व्हायरस आधी दिला, त्याने एएलएफ वाढला, आणि नंतर खरा व्हायरस दिल्यावर तो कमी वाढला, काही प्रमाणात संरक्षण मिळालं.

हे फार चांगलं काम आहे. पण त्यातला प्रत्येक शब्द नीट वाचा. क्रेफिशच्या स्वतःच्या पेशींनी बनवलेला एएलएफ. प्रयोगशाळेत. सिग्नल क्रेफिश, जो चीनच्या खाचरातला क्रेफिशही नाही. आणि "काही प्रमाणात". यात कुठेही पावडर नाही, खाद्य नाही, तलाव नाही.

त्याच गटाचा त्याआधीचा एक प्रयोग मला शेतकऱ्याच्या दृष्टीने जास्त कामाचा वाटला. लागण झालेले क्रेफिश थंड पाण्यात ठेवले तर मरत नव्हते. तेच उचलून २२ अंशांच्या पाण्यात ठेवले की मरायचे. व्हायरस गेलेला नव्हता, दबून बसला होता. आता मे महिन्याची साथ आठवा. हिवाळाभर शांत दिसणारं खाचर, आणि पाणी तापलं की आठवड्यात मोकळं. शेतकऱ्याला वाटतं रोग मेमध्ये आला. तो कदाचित बीजाबरोबर आधीच आलेला असतो.

१५:२० डब्यात नेमकं काय

पेप्टाइड खाद्यातून द्यायचं तर पहिली अडचण पोटाची. पोटाचं कामच माळा तोडणं. आपण खाल्लेली डाळ पचते तसं पेप्टाइडही पचतं. क्रस्टिनसारखे टाके असतील किंवा वरून काही आवरण दिलं असेल तर थोडं टिकतं. दुसरी अडचण क्षाराची. भाराच्या ओढीवर चालणारी गोष्ट खाऱ्या पाण्यात दुबळी पडू शकते, कारण मिठाचे आयन मधे येऊन ती ओढ झाकतात. भातखाचर गोड्या पाण्याचं, मामाचा तलाव खाडीचा. तिसरी, पैसा. शुद्ध पेप्टाइड बनवणं महाग. बॅक्टेरियाकडून बनवून घ्यायचं तर ते बॅक्टेरियालाच मारतं, म्हणून एखाद्या दुसऱ्या प्रथिनाला जोडून किंवा यीस्टमध्ये बनवावं लागतं.

तरी चीनमध्ये या क्षेत्राला जोर आहे, आणि कारण समजण्यासारखं आहे. २०२० पासून तिथे जनावरांच्या खाद्यात वाढीसाठी अँटिबायोटिक मिसळायला बंदी आली. पर्याय हवा. खाद्यातून पेप्टाइड दिल्यावर वाढ सुधारली, बॅक्टेरियापुढे प्राणी जास्त तगले, असे प्रयोग प्रसिद्ध होतात. पण "व्हाइट स्पॉट होणारच नाही" असं म्हणणारा एकही पेपर माझ्या वाचनात आला नाही. आणि बाजारात "इम्युनिटी" म्हणून विकलं जाणारं बरंचसं सामान पेप्टाइड नसतंच, यीस्टच्या भिंतीतलं ग्लुकन असतं. ते शत्रू नसताना शत्रूचा वास देऊन गजर वाजवतं. कधीकधी उपयोग होतो. पण गजर सतत वाजता ठेवला तर पेशी साठा ओततात, ऊर्जा खर्च होते, आणि ती ऊर्जा वाढीतून जाते. ऑफिसमध्ये रोज रात्री तीन वाजता खोटा अलर्ट येणारी टीम खऱ्या अलर्टला कशी असते ते आम्हाला विचारा.

एक मुद्दा याहून मोठा आहे. मी वर म्हटलं की पेप्टाइड भाराच्या ओढीवर चालतं. झॅस्लॉफ यांचं म्हणणं होतं की बॅक्टेरियाला याविरुद्ध प्रतिकार शिकणं जवळपास अशक्य आहे, कारण त्यासाठी अख्खा पडदा बदलावा लागेल. कॅनडातले उत्क्रांतीचे अभ्यासक ग्रॅहॅम बेल म्हणाले, शिकतील. झॅस्लॉफ यांनी आव्हान दिलं, करून दाखवा. मग दोघांनी मिळूनच प्रयोग केला. मॅगेनिनपासून बनवलेलं पेक्सिगॅनन नावाचं औषध, त्याचा डोस हळूहळू वाढवत, बॅक्टेरियाच्या सहाशे-सातशे पिढ्या. २००६ मध्ये निकाल छापला. बहुतेक सगळ्या वंशांनी प्रतिकार शिकून घेतला होता. झॅस्लॉफ यांनी आपली हार स्वतःच्या नावासकट छापली, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

ही कागदावरची भीती नाही. कोलिस्टिन हे औषधही मुळात एक पेप्टाइडच आहे, मातीतल्या एका बॅक्टेरियाने बनवलेलं, आणि तेही त्याच एलपीएसला पकडतं. माणसांसाठी ते शेवटच्या फळीतलं औषध. बाकी काही चालेनासं झालं की आयसीयूमध्ये हे काढतात. पण जगभर ते डुकरं, कोंबड्या, मासे यांच्या खाद्यात ओतलं गेलं. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतल्या बॅक्टेरियात एमसीआर-१ नावाचा जीन सापडला. तो काय करतो? एलपीएसच्या बुडाला एक छोटा रेणू चिकटवतो आणि तिथला ऋण भार कमी करतो. बस. ओढच कमी झाली. आणि हा जीन एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात उडी मारू शकतो. भारताने जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत आणि मत्स्यशेतीत कोलिस्टिनवर बंदी घातली ती यामुळे. त्यामुळे "पेप्टाइड नैसर्गिक आहे, कितीही टाका" असं कोणी म्हणालं तर थांबा. प्राणी स्वतः ही हत्यारं अनेक प्रकारची, मिसळून, जखमेपुरती, थोडा वेळ वापरतो. तलावभर एकच माळ महिनोन्‌महिने टाकणं हे त्याच्या नेमकं उलट आहे.

१९:१० मामाला काय सांगितलं

मी त्या मुलाला फोन केला. तज्ज्ञ नाही हे आधी सांगितलं. मग म्हटलं, डब्यावर कोणतं पेप्टाइड आणि किती, हे लिहिलंय का बघ. त्याने फोटो पाठवला. "पेप्टाइड कॉम्प्लेक्स" एवढंच. माळेचं नाव नाही, प्रमाण नाही, कोणत्या प्राण्यावर तपासलं ते नाही. क्रेफिशचा मात्र छान लाल फोटो.

व्हाइट स्पॉटवर औषध नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलं. जे आहे ते सगळं दाराशी अडवण्याचं आहे. पीसीआर तपासणी झालेलं, रोगमुक्त मादीपासूनचं बीज. तलाव भरताना पाणी गाळून, क्लोरीन मारून, मग काही दिवस ठेवून. बांधाला खेकड्यांसाठी जाळीचं कुंपण, कारण खाडीतला खेकडा हा व्हायरस अंगावर घेऊन आरामात फिरतो. वर पक्ष्यांसाठी दोऱ्या. शेजारच्या तलावाचं जाळं आपल्यात नाही. आणि रोग आलाच तर ते पाणी तसंच खाडीत सोडायचं नाही, कारण खाली दुसऱ्या कुणाचा तरी मामा आहे.

तो म्हणाला, "दादा, बीजाची टेस्ट गेल्या वर्षी केलीच नव्हती. हॅचरीवाला म्हणाला होता माल चांगला आहे."

मग मामा स्वतः फोनवर आले. त्यांचा प्रश्न सरळ होता. "तुम्ही सांगता ते सगळं केलं तरी येणार नाही याची गॅरंटी आहे का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "तो डबेवाला देतो." दोन सेकंद मला काही सुचलं नाही. मग मी विचारलं, गॅरंटी लिहून देतो का? ते हसले. म्हणाले, विचारतो.

परवा त्या मुलाचा मेसेज आला. दोन डबे आधीच घेतले होते, ते परत गेले नाहीत. मामा ते एका तलावात वापरणार आहेत, दुसऱ्यात नाही, "बघू तरी फरक." पुढचे डबे थांबवलेत आणि ते पैसे दोन्ही तलावांच्या बीजाच्या टेस्टला आणि कुंपणाला लावलेत. दोन तलावांवर एक प्रयोग, म्हणजे त्यातून काही सिद्ध होणार नाही, हे मी त्याला सांगितलंय. तरी दोन्हीकडचं पाण्याचं तापमान आणि खाद्याचा हिशेब रोज लिहून ठेव, असंही म्हटलंय. त्याने गूगल शीट बनवलंय, मला एडिटचा ॲक्सेस दिलाय. काढणी झाली की आकडे इथेच सांगतो.

लसींच्या भागातलं माझं ते चुकीचं वाक्य मी वर्णनात दुरुस्त केलंय. पुढच्या भागात हॉर्सशू क्रॅब: त्याचं निळं रक्त इंजेक्शनांच्या तपासणीत कसं वापरलं जातं, आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर तो कुठे दिसतो. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेजच पाठवा, टाइप करू नका. भेटू.